मुका मार, लचक, पाठदुखी: गरम पाणी की गार? घरच्या पाण्याच्या उपचारांबद्दल

अंगणवेल | ९ जून, रात्री १०.१५

गेल्या थंडीत आमच्या घरी एक गोष्ट घडली. तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं.

माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. मधुमेह २० वर्षांचा. डिसेंबरात रात्री त्यांचे पाय फार ओढायचे, म्हणून मी रबरी पिशवीत गरम पाणी भरलं, नॅपकिनात गुंडाळली आणि पांघरुणात पायाशी ठेवली. ठेवण्याआधी पिशवी स्वतःच्या गालाला लावून बघितली होती, छान ऊबदार वाटली. सकाळी चादर बाजूला केली तर उजव्या टाचेच्या कडेला रुपयाएवढा फोड, पाण्याने टच्च भरलेला. आई म्हणाल्या, "अगं, मला काहीच कळलं नाही." डॉक्टरांनी नंतर त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा एक जाडसर दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. "आता लागतंय? आता?" दोरा टेकून वाकत होता आणि आई शांत पडून होत्या, त्यांना प्रश्नच ऐकू आला नसावा असं वाटावं इतक्या शांत. ती जखम भरायला साडेपाच आठवडे गेले.

आपल्याकडे "सोसवेल इतकं गरम" हे एकच माप असतं. माझ्या गालाला सोसवलं म्हणून मी पिशवी ठेवली. सोसायचं होतं त्यांच्या पायाला, आणि त्या पायाची जाण केव्हाच गेली होती. शिवाय मला तेव्हा हेही माहीत नव्हतं की ४४ अंशांची ऊबसुद्धा एकाच जागी तासन्‌तास राहिली तर कातडी भाजते. ६० अंशांना काही सेकंद पुरतात. आमच्या इमारतीच्या सोलरचं पाणी कडक उन्हाच्या दिवशी दुपारी तितकं सहज असतं.

तरीही पाण्याचे उपचार मी सोडलेले नाहीत, उलट जास्त लक्ष घालून करते. बाळाच्या अंघोळीच्या पाण्यासाठी मिळतो तसला साधा थर्मामीटर आणला. किती अंश आणि किती मिनिटं, या दोन गोष्टी सांभाळल्या की घरातल्या निम्म्या दुखण्यांना बादली, पंचा आणि परात पुरते, असा माझा अनुभव आहे.

मार्चमध्ये आमच्या ह्यांची पाण्याचा जार उचलताना उसण भरली. कमरेत असे वाकले की बेसिनशी उभं राहून चूळ भरता येईना. त्यांना मी ओला शेक दिला. पलंगावर पालथं झोपवलं, पोटाखाली उशी. कमरेवर आधी कोरडा पातळ पंचा. मग गरम पाण्यातून टर्किश टॉवेलची चौघडी घट्ट पिळून त्यावर, आणि वरून आणखी एक कोरडा टॉवेल, म्हणजे ऊब उडून जात नाही. पिळणं महत्त्वाचं. पाणी निथळत राहिलं तर एक तर चटका बसतो, नाहीतर दोन मिनिटांत सगळं गार होतं. दर चार-पाच मिनिटांनी चौघडी बदलायची, असं वीस मिनिटं. ओल्या शेकाने स्नायू जो सैल पडतो तो कोरड्या शेकाने तितका लवकर पडत नाही, निदान आमच्याकडे तरी. दिवसातून तीनदा दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सरळ उभे राहून दात घासत होते.

मुलाचं वेगळं. तो फुटबॉल खेळताना गुडघ्यावर पडला. हाड ठीक होतं, पण मुका मार, वर मोठं टेंगूळ. त्याला गार. थंडीत सोलून फ्रीजरला टाकलेले मटार असतातच, त्याची पिशवी ओल्या नॅपकिनात गुंडाळून गुडघ्यावर ठेवली. मटार गुडघ्याच्या आकाराप्रमाणे बसतात, बर्फाच्या खड्यांसारखे टोचत नाहीत. दहा मिनिटं ठेवायचं, काढायचं, दोन तासांनी परत.

हल्ली आईंसाठी रोज संध्याकाळी टबमध्ये ३८ अंशांचं पाणी घेऊन पादस्नान करते, पंधरा मिनिटं, थोडं खडेमीठ घालून. त्यांना बरं वाटतं.

तुमच्याकडे काय करता ते सविस्तर लिहा. चुकलेलंही लिहा, ते जास्त उपयोगी पडेल.

---

दिवेघाट | ९ जून, रात्री ११.०२

ताई, वेळेवर धागा काढलात. पालख्या येतातच आहेत.

मी नाना पेठेत राहतो. तुकोबांची पालखी आमच्या निवडुंग्या विठोबाला दोन रात्री मुक्कामी असते, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला. आमच्या मंडळाची मुलं गेली बारा वर्षं दोन्ही रात्री वारकऱ्यांच्या पायांची सेवा करतात. मोठ्या पातेल्यात पाणी तापवायचं, घमेल्यात काढून गार पाणी मिसळायचं, मूठभर मीठ, आणि पाय बुडवून बसवायचं.

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांनाच सरसकट गरम पाणी देत होतो, ती आमची चूक. पायाला फोड आलेला माणूस गरम पाण्यात पाय बुडवून बसला की फोडाची कातडी पांढरी पडून मऊ होते आणि चालायला लागल्यावर पहिल्याच मैलात सोलून निघते. मराठवाड्यातल्या एक वयस्कर माउली होत्या, त्यांनीच आम्हाला शिकवलं. म्हणाल्या, "बाळा, फोडाला भिजवू नको, त्याला कोरडं ठेव. मला पोटरीला शेक दे." तेव्हापासून आधी बॅटरी मारून तळवा बघतो. फोड किंवा भेग असेल तर साध्या पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, फडक्याची पट्टी. फोड फोडायचा नाही. नुसते ठणकणारे पाय असतील त्यांना कोमट पाणी, दहा मिनिटं. आणि सुजलेल्या घोट्यांना गार पाणी देतो, पाय उशीवर उंच ठेवून झोपायला सांगतो.

माउलींच्या पालखीचा पुण्यानंतरचा टप्पा दिवे घाटाचा असतो, चढ आणि दिवसभराची चाल. आदल्या रात्री कातडी मऊ करून कोणाला घाटात पाठवायचं नाही, एवढं आम्ही पाळतो.

---

चुलवण | १० जून, सकाळी ६.४०

अंगणवेल, सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. मी स्वतः ६९ वर्षांची आहे, सदाशिव पेठेत वाढले. आमच्या घरी तांब्याचा बंब आणि घंगाळ होतं. बाळंतिणीला, आजोबांच्या गुडघ्यांना, पडलेल्या पोराला, सगळ्यांना पाण्याचाच आधार. निर्गुडीचा पाला टाकून उकळलेलं पाणी, आणि त्यात बुडवून पिळलेलं जुन्या लुगड्याचं फडकं.

तुझं वाचताना एक गोष्ट आठवली. आमची आजी शेक द्यायची तेव्हा फडकं आधी तिच्या स्वतःच्या तळहातावर यायचं, मग दुखऱ्या जागी टेकायचं, लगेच उचलायचं, परत टेकायचं. हात सगळा वेळ फडक्यावर. बोलत बसायची, पण लक्ष कातडीकडे. लाल व्हायला लागली की थांबायची. शेक हा शेजारी बसून द्यायचा असायचा. रबरी पिशवी आली आणि शेजारी बसणारं माणूस उठून गेलं.

मुक्या माराला मात्र आम्ही बर्फ कधी लावला नाही. आंबेहळद आणि रक्तचंदन सहाणेवर उगाळून गरम लेप. ठणका बसायचा. यावर जाणकारांनी सांगावं.

---

सांधेजोड | १० जून, दुपारी २.३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोथरूडला प्रॅक्टिस करते. चुलवण आजी, तुमच्या आजी जे करत होत्या तेच आम्हाला कॉलेजात शिकवतात, दर काही मिनिटांनी टॉवेल उचलून कातडीचा रंग बघायचा.

गार की गरम, यावर सविस्तर लिहिते.

ताज्या मारात आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, पाझर चालू असतो. गारव्याने त्या आकसतात आणि मज्जातंतूंचा वेग मंदावतो म्हणून ठणका कमी होतो. तिथे पहिले दोन-तीन दिवस गरम शेक किंवा गरम लेप दिला तर सूज वाढू शकते. उगाळलेला लेप गार लावला तर माझी हरकत नाही, कातडी फुटलेली नसावी इतकंच.

पण बर्फाचाही अतिरेक झालेला आहे. १९७८ मध्ये गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि उंचावर ठेवणं यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'राइस' हा शब्द रूढ केला. जगभरच्या मैदानांवर तो पाठ झाला. २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती या दोन्हींनी बरं व्हायला उलट उशीर लागू शकतो, कारण सूज हा दुरुस्तीच्याच कामाचा भाग असतो. म्हणून मी पेशंटना सांगते, बर्फ हा दुखणं कमी करण्यासाठी आहे, मार बरा करण्यासाठी नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत, एका वेळी दहा ते पंधरा मिनिटं, मध्ये निदान दोन तास. त्यानंतर हळूहळू हालचाल.

आता मटार विरुद्ध जेल पॅक. वितळणारा ओला बर्फ ० अंशांवर असतो आणि वितळून संपेपर्यंत तिथेच राहतो. तो वितळताना दर ग्रॅमला ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो, म्हणून थोडासा बर्फ पुष्कळ काम करतो. फ्रीजरमधून काढलेला जेल पॅक मात्र उणे १८ अंशांच्या आसपास असतो. तो उघड्या कातडीवर ठेवला तर हिमदाह होतो, म्हणजे गारठ्याने भाजतं. मी असे दोन पेशंट पाहिले आहेत. जेल पॅक असो की मटार, मध्ये ओला नॅपकिन हवाच. आणि घरी सगळ्यात चांगलं म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे, त्यात वाटीभर पाणी, हवा काढून गाठ. कातडीला आधी गार लागतं, मग चुरचुरतं, मग ठणकतं, मग बधिर होतं. बधिर झालं की काढायचं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे हाडाची गोळी लागते, तिथे बर्फ दाबून धरू नका. तिथून जाणारी नस कातडीच्या अगदी जवळ असते.

कमरेचा नियम वेगळा. उसण भरली की पहिल्या दिवसापासून गरम शेक चालतो. तिथे बहुतेक वेळा सुजेपेक्षा स्नायू आखडलेला असतो. अंगणवेल, तुमच्या यजमानांना तुम्ही योग्य तेच दिलंत.

आता एक नको असलेलं सांगते. सासूबाईंचं रोजचं पादस्नान कृपया बंद करा. पायाची संवेदना गेलेल्या मधुमेहींनी पाय भिजत ठेवायचे नाहीत, पाणी कोमट असलं तरी. कातडी मऊ पडते, बेचक्यांत ओल राहते, चीर पडली तरी कळत नाही, आणि तिथून जंतू शिरतात. पाय धुवायचे, भिजवायचे नाहीत. टिपून कोरडे करायचे.

---

अंगणवेल | १० जून, दुपारी ३.१५

सांधेजोड, हे मला खरंच माहीत नव्हतं. इतके महिने मी थर्मामीटर लावून, सगळं नीट करतेय असं समजून करत होते. आजपासून बंद. मनापासून आभार.

---

कल्याणदरवाजा | १० जून, रात्री ८.५०

मी नेमका आजच या धाग्यावर आलो. काल रविवारी सिंहगड उतरताना, आतकरवाडीच्या वाटेवर, पहिल्या पावसाने निसरडं झालं होतं. उजवा पाय आतल्या बाजूला वळला, "कट्" असा आवाज आला. खाली येईपर्यंत मित्रांच्या खांद्यावर. घोट्याच्या बाहेर लिंबाएवढी सूज. रात्री घरी बादलीत गरम पाणी आणि मीठ घालून अर्धा तास बसलो. बरं वाटलं, पण सकाळी सूज दुप्पट आणि निळं-जांभळं झालंय. आता बर्फ लावतोय. अजून काय करू?

---

सांधेजोड | १० जून, रात्री ९.२०

गरम पाणी लगेच बंद. आता दोन गोष्टी करून बघा. एक, घरातल्या घरात लंगडत का होईना चार पावलं टाकता येतात का? दोन, घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडाची गाठ असते तिच्या मागच्या कडेवर आणि टोकावर बोटाने दाबा. सुजेवर नाही, हाडावर. तिथे दाबल्यावर कळ येते का? हीच तपासणी पायाच्या करंगळीकडून मागे येताना मधे जो हाडाचा उंचवटा लागतो तिथे, आणि आतल्या बाजूला घोट्याच्या पुढे.

कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये हे नियम बसवले. चार पावलं टाकता येत नसतील किंवा यातल्या कुठल्याही हाडावर कळ असेल तर एक्स-रे काढायचा. दोन्ही नसेल तर फ्रॅक्चरची शक्यता फारच कमी.

---

कल्याणदरवाजा | १० जून, रात्री ९.४१

चार पावलं कशीबशी टाकली. पण बाहेरच्या हाडाच्या टोकावर दाबलं तर डोळ्यांत पाणी आलं.

---

सांधेजोड | १० जून, रात्री ९.४४

उद्या सकाळी एक्स-रे. तोपर्यंत पाय दोन उश्यांवर, छातीपेक्षा उंच. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधत जा, फार आवळू नका. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सैल करा. त्या पायावर भार नको.

---

माठातलं_पाणी | ११ जून, सकाळी ११.१०

भाजण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मे महिन्यात माझ्या तीन वर्षांच्या मुलीने ओट्यावरचा चहाचा कप ओढला. हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत सांडला. भाजलं की नळाखाली धरायचं हे मला माहीत होतं, तिला उचलून सिंककडे धावले. दुपारचे दोन वाजलेले, गच्चीवरची टाकी तापलेली. नळाला आलं ते जवळजवळ गरम पाणी! ती आणखी किंचाळली. मला दोन क्षण काही सुचेना. मग माठ दिसला. तिला मोरीत घेऊन बसले आणि तांब्याने माठातलं पाणी हातावर सारखं ओतत राहिले. माठ संपला तोवर शेजारच्या काकूंनी त्यांचा माठ आणून दिला. वीस मिनिटं, घड्याळ लावून. हातातलं चांदीचं कडं आधी काढलं, नंतर सुजेमुळे निघालं नसतं.

डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं पाणी ओतलंत हे फार चांगलं केलंत. भाजल्यानंतर तीन तासांच्या आत केव्हाही केलं तरी उपयोग होतो, हेही त्यांनीच सांगितलं. बर्फ लावायचा नाही. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप काहीच नाही. लहान मुलाचं बाकीचं अंग मात्र पांघरुणात ठेवायचं, नाहीतर गारठतं. फोड आला होता, पण आता डागसुद्धा शोधावा लागतो.

उन्हाळ्यात माठ रात्रीच भरून ठेवा. आणि दुपारी तुमच्या नळाला कसलं पाणी येतं ते एकदा हात लावून बघून ठेवा.

---

दिवेघाट | ११ जून, सकाळी ११.३२

ताई, वाचताना काटा आला. आमच्या सेवेच्या ठिकाणी चुली असतात. यंदा दोन माठ फक्त यासाठी वेगळे ठेवतो.

---

पाचवा_मैल | ११ जून, दुपारी ४.०५

पाण्याच्या उपचारांशी पुण्याचं जुनं नातं आहे, त्याबद्दल थोडं. आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना १९४२ साली गांधीजींनी आरोग्यावर लिहिलं, त्यात पाण्यावर सविस्तर मजकूर आहे. जर्मनीतल्या लाइप्‌झिगच्या लुई कूने या निसर्गोपचारकाचं कटिस्नान, म्हणजे कमरेपर्यंत पाण्यात बसणं, त्यांनी स्वतःवर आणि घरच्यांवर वापरलेलं होतं. स्टेशनजवळ ताडीवाला रोडला डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं, तिथे गांधीजी राहायचे. आज तिथेच बापू भवनात राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्थान आहे. आणि १९४६ मध्ये सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनला आश्रम निघाला, मणिभाई देसाईंनी तो पुढे आयुष्यभर चालवला.

मी उरुळीला पाठीसाठी दहा दिवस राहून आलो आहे. तिथे शिकलेली एकच गोष्ट घरी टिकली, ती म्हणजे गरम-गार पादस्नान. दोन बादल्या, एकीत ४० अंश, दुसरीत नळाचं गार पाणी. तीन मिनिटं गरम, एक मिनिट गार, असं चार-पाच वेळा. दिवसभर उभं राहून शिकवणाऱ्या माझ्या बायकोला याने फार हलकं वाटतं. डोक्यावर ओला पंचा ठेवायचा आणि आधी पेलाभर पाणी प्यायचं, असं तिथे सांगायचे.

कटिस्नानाबद्दलही लिहितो, कारण या दुखण्याविषयी लोक बोलत नाहीत. मूळव्याध किंवा फिशरचा (गुदद्वाराशी पडलेल्या चिरेचा) त्रास असेल तर टबमध्ये कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसा, दिवसातून दोन-तीनदा, विशेषतः शौचानंतर. तिथला आवळलेला स्नायू सैल पडतो. पाण्यात काही घालायची गरज नाही. डेटॉल तर मुळीच नको, जळजळ होते. रक्त जात असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, मूळव्याधच असेल असं धरून चालू नका.

---

उंबरठा | ११ जून, संध्याकाळी ६.२०

ते एप्सम सॉल्ट म्हणून जे पाचशे-सहाशे रुपयांना विकतात त्याने खरंच फरक पडतो का? की खडेमीठ चालेल?

---

सांधेजोड | ११ जून, रात्री ९.००

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या पाण्यावरून नाव पडलं. मॅग्नेशियम कातडीतून स्नायूंपर्यंत पोचतं याला भक्कम पुरावा नाही. बरं वाटतं ते ऊब आणि पाण्याने. खडेमीठ घाला, नाही घातलंत तरी चालेल. ते पैसे थर्मामीटरवर घाला.

पाचवा मैल, गरम-गार पादस्नान छान लिहिलंत. पायात रक्ताभिसरण कमी असणाऱ्यांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी ते विचारल्याशिवाय करू नये. एकाच पोटरीला अचानक सूज, गरमपणा आणि दुखणं असेल तर कुठलाही शेक नाही, चोळणंही नाही. शिरेत रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी दवाखाना.

टाचदुखीवाल्यांसाठी: अर्धा लिटरची पाण्याची बाटली फ्रीजरला टाका, मोजा घालून तळव्याखाली पाच-सात मिनिटं मागे-पुढे फिरवा. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना जी कळ येते तिच्यासाठी.

---

चुलवण | १२ जून, सकाळी ६.५५

थंडीत आणि पावसाळ्यात पोरं दारं-खिडक्या लावून गरम पाण्याखाली अर्धा-अर्धा तास अंग शेकत बसतात. गॅस गीझर असेल तर हे फार घातक. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस चक्कर येऊन पडतो. आमच्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत एक तरुण मुलगी अशी गेली. गीझर बाथरूमच्या बाहेर बसवा, खिडकी उघडी ठेवा. माझं म्हणणं, अंग दुखत असलं तर बादलीनेच अंघोळ करा.

आणि आमच्या वयाच्या लोकांनी गरम पाण्यातून एकदम उभं राहू नये. रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. स्टुलावर बसूनच अंग पुसावं.

---

कल्याणदरवाजा | १२ जून, दुपारी १.४०

एक्स-रे झाला. बाहेरच्या हाडाच्या टोकाचा बारीकसा कपचा उडालाय, अस्थिबंध ओढल्याबरोबर आलेला. ऑपरेशन नाही. बूट दिलाय, चार आठवडे. डॉक्टरांनी विचारलं, एक्स-रेला यायचं कसं सुचलं, बहुतेक लोक आठवडाभर गरम पाण्यात पाय घालून बसतात. मी या धाग्याचं नाव सांगितलं.

सांधेजोड, बूट निघाल्यावर कोमट पाण्यात घोटा हलवायचा व्यायाम सांगितलाय त्यांनी. तेव्हा परत विचारीन.

---

सांधेजोड | १२ जून, दुपारी २.१०

जरूर विचारा. तेव्हा ३६-३७ अंशांच्या पाण्यात पाय ठेवून अंगठ्याने पाण्यातच मुळाक्षरं काढायची, क पासून ज्ञ पर्यंत. पाण्यात सांधा सैल हलतो. माझ्याकडचे पेशंट 'ढ' आणि 'झ'ला कुरकुरतात, पण घोटा त्याच अक्षरांना सगळ्यात जास्त वळतो.

---

अंगणवेल | १४ जून, रात्री ९.३०

आमच्याकडचं सांगते. टब माळ्यावर गेला. आता संध्याकाळी आईंचे पाय साबणाने धुते, बेचक्या मऊ पंचाने टिपते, तळव्याला खोबरेल लावते, बेचक्यांत नाही. मग लहान आरसा खाली धरून दोघी मिळून तळवे बघतो. काल डाव्या करंगळीखाली बारीकशी चीर दिसली. नवीन चपलेचा पट्टा घासत होता. चप्पल बदलली.

पाय शेकायचे नाहीत म्हटल्यावर आई जरा हिरमुसल्या. त्यांच्या खांद्याला मात्र संवेदना छान आहे, डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आणि तोही रात्री धरतो. म्हणून आता खांद्याला ओला शेक देते. पिशवी नाही, पिळलेला पंचा, चुलवण आजींनी लिहिलंय तसा, आधी माझ्या तळहातावर आणि मग त्यांच्या खांद्यावर. पंधरा मिनिटं मी शेजारी बसलेली असते. काल त्या त्यांच्या माहेरच्या आडाबद्दल सांगत होत्या, थंडीत पहाटे त्याच्या पाण्याला कशी वाफ यायची ते. मधेच म्हणाल्या, "आता जरा जास्त लागतंय गं," आणि मी पंचा उचलला.